हाडाला थांबवणारी प्रथिने

हाड मोडले की प्लॅस्टर घालायचे, काही आठवडे कळ काढायची आणि एक्स-रेमध्ये ते सांधलेले पाहायचे, हे इतके सवयीचे झाले आहे की त्यातली खरी नवलाची गोष्ट नजरेतून निसटते. मोडलेल्या जागी नव्या हाडाचा जो गोळा धरतो तो गरजेपेक्षा मोठा असतो. पुढे तो हळूहळू कोरला जातो आणि हाड जवळजवळ पूर्वीच्या आकारावर येते. शेजारचा स्नायू मात्र मऊच राहतो. बोटांच्या पेरांमधले सांधे जन्मभर मोकळे राहतात, कवटी मेंदूला पुरेल इतकी वाढते आणि थांबते. हाड तयार करणे ही शरीराची करामत खरीच. पण नको तिथे ते होऊ न देणे ही तितकीच मोठी करामत आहे, आणि गेल्या तीसेक वर्षांतले अस्थिविज्ञान पाहिले तर ती पहिलीपेक्षाही बारकाईची वाटते. हाड बांधायला सांगणारी प्रथिने शरीरात कमी नाहीत. त्यांचे किती ऐकायचे, कुठे आणि कधी ऐकायचे, हे ठरते ते त्यांना अडवणाऱ्या प्रथिनांच्या जोरावर. सोयीसाठी या दुसऱ्या गटाला लगाम म्हणू. औषधे शोधणाऱ्यांची बरीच वर्षे पहिल्या गटामागे गेली. हाडे ठिसूळ झालेल्या माणसांच्या उपयोगी पडेल असे काही ठोस हाती आले ते लगामाकडे लक्ष गेल्यावर, असे माझे म्हणणे आहे. त्यावर घेण्याजोगे आक्षेपही आहेत आणि त्यांतला एक तर मला माझे म्हणणे थोडे बदलायला लावणारा आहे.

पहिल्या गटाची गोष्ट लॉस एंजेलिसमध्ये सुरू होते. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाडातले खनिज आम्लाने धुऊन काढायचे, मागे उरलेला मऊ सापळा प्राण्याच्या स्नायूत ठेवायचा आणि वाट पाहायची, एवढाच तो प्रयोग. काही आठवड्यांत त्या स्नायूत, जिथे हाडाचे काही काम नाही तिथे, मज्जेसकट अस्सल हाड तयार झाले. याचा अर्थ त्या सापळ्यात असे काहीतरी होते की जे भोवतालच्या साध्या पेशींना हाड बांधायला लावत होते. युरिस्ट यांनी पुढे त्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन असे नाव दिले. आज सगळे त्याला बीएमपी म्हणतात. प्रत्यक्षात तो एकच पदार्थ नव्हता, प्रथिनांचे कुटुंबच होते, आणि किलोकिलो हाडांतून ती प्रथिने मायक्रोग्रॅमच्या मापाने गाळून त्यांची जनुके ओळखायला १९८८ साल उजाडले. अमेरिकेतल्या जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीत जॉन वॉझ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम केले. तेव्हापासून एक सरळ हिशेब मांडला गेला: हाड बनवणारे प्रथिन सापडले आहे, आता ते कारखान्यात भरपूर तयार करायचे आणि जिथे हाड हवे तिथे घालायचे.

हा हिशेब कुठे चुकला ते कळण्यासाठी बीएमपी काम कसे करते ते पाहायला हवे. ते पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणात दोन प्रकारचे रिसेप्टर असतात आणि बीएमपी त्या दोहोंना एकत्र आणते. मग दुसऱ्या प्रकारचा रिसेप्टर पहिल्यावर फॉस्फेट चढवतो, पहिला ते आतल्या स्मॅड नावाच्या प्रथिनांवर चढवतो, आणि ती प्रथिने स्मॅड-४ला सोबत घेऊन केंद्रकात जातात. तिथे रनएक्स-२सारखी जनुके जागी होतात आणि साधी पेशी हाड बांधणारी ऑस्टिओब्लास्ट होण्याच्या वाटेला लागते. या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर अडवणारे कोणीतरी बसलेले आहे. आत स्मॅड-६ आणि स्मॅड-७ आहेत, बाहेर नॉगिन आहे. नॉगिन प्रथम १९९२ मध्ये बेडकाच्या भ्रूणात सापडले. दहा वर्षांनी त्याची बीएमपी-७सोबतची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा दिसले की ते बीएमपीला दोन्ही बाजूंनी असे धरते की दोन्ही प्रकारच्या रिसेप्टरांना टेकण्याच्या जागा एकाच वेळी झाकल्या जातात. ज्या उंदरांत नॉगिनचे जनुक काढून टाकले त्यांच्यात कूर्चा भरमसाट वाढली आणि सांधेच तयार झाले नाहीत. माणसांत या जनुकाची एक प्रत बिघडली तर बोटांची पेरे एकमेकांना जुळून बसतात, हे १९९९ मध्ये कळले. तुम्ही आत्ता हा अंक धरून पान उलटता आहात ते बोटांच्या सांध्यांत एकेकाळी या लगामाने बीएमपीला रोखले म्हणूनच.

कारखान्यात बनवलेल्या बीएमपी-२ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली मणक्यांच्या एका शस्त्रक्रियेसाठी परवानगी दिली. कमरेचे दोन मणके जुळवायचे असतील तर एरवी रुग्णाच्याच कटीच्या हाडाची कड काढून तिथे बसवतात. त्याऐवजी कोलॅजेनचा स्पंज या प्रथिनात भिजवून ठेवायचा. मात्रा पाहिली की प्रश्न पडतो: मोठ्या संचात १२ मिलिग्रॅम. शरीर स्वतः हे प्रथिन वापरते ते याच्या अतिसूक्ष्म अंशाने. २००८ मध्ये त्याच प्रशासनाने इशारा दिला की मानेच्या मणक्यांत, म्हणजे परवानगी नसलेल्या जागी, हे वापरल्यावर गळ्याला सूज येऊन श्वास अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. पुढे येल विद्यापीठाच्या पुढाकाराने मूळ चाचण्यांची सगळी आकडेवारी दोन स्वतंत्र गटांना तपासायला दिली गेली. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले आणि जुन्या पद्धतीच्या तुलनेत रुग्णाच्या दुखण्यात लक्षणीय फरक पडतो असे काही त्यातून दिसले नाही. यावर कोणी म्हणेल, दोष प्रथिनाचा नसून स्पंजाचा आहे. तो सगळा माल सुरुवातीलाच सोडून देतो, म्हणून मात्रा फुगवावी लागते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. तरी एक गोष्ट उरतेच. ऑस्टिओब्लास्टवर बीएमपी घातले की त्या पेशी स्वतःच नॉगिन जास्त बनवू लागतात, हे १९९८मध्येच दिसून आले होते. हुकमाचा आवाज चढला की लगाम आपोआप आवळला जातो. आणखी हुकूम ओतून त्यावर मात करू पाहणे म्हणजे शरीराशीच भांडण काढणे.

दुसऱ्या गटाची गोष्ट प्रयोगशाळेत सुरू झालीच नाही. ती काही घराण्यांत सुरू झाली. अमेरिकेतल्या नेब्रास्कात एक तरुणी मोटारीच्या अपघातातून हाड न मोडता बाहेर पडली, आणि तिची हाडे वाजवीपेक्षा फार घट्ट आहेत हे तपासणीत लक्षात आले. नंतर कळले की तिच्या नातेवाइकांतही तेच आहे. २००२ साली या घराण्यातला आणि कनेक्टिकटमधल्या आणखी एका घराण्यातला बदल सापडला. दोन्हीकडे एलआरपी-५ या रिसेप्टरात १७१व्या जागेवर ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले होते. त्याच्या एक वर्ष आधीच उलट टोक सापडले होते. हा रिसेप्टर निकामी असलेल्या मुलांची हाडे लहानपणीच ठिसूळ होतात आणि दृष्टीही जाते. एलआरपी-५ आणि त्याचे भावंड एलआरपी-६ ज्या संदेशासाठी काम करतात तो आहे डब्ल्यूएनटी कुटुंबातल्या प्रथिनांचा. एरवी पेशीत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन तयार होते आणि लगेच त्याच्यावर फॉस्फेटची खूण पडून ते नष्ट केले जाते. बाहेर डब्ल्यूएनटी येऊन फ्रिझल्ड नावाचा आणखी एक रिसेप्टर आणि एलआरपी या दोघांना एकत्र धरते तेव्हा ही नासधूस थांबते, बीटा-कॅटेनिन साठते, केंद्रकात जाते आणि ऑस्टिओब्लास्टला काम मिळते. आता त्या घट्ट हाडांच्या घराण्यांकडे परत पाहू. १७१व्या जागेवरच्या बदलाने डब्ल्यूएनटीचा जोर वाढला असेल असे वाटेल. तपासल्यावर दिसले ते वेगळे. डिकेके-१ आणि स्क्लेरोस्टिन ही एलआरपीला अडवणारी प्रथिने त्या बदललेल्या रिसेप्टरला नीट धरू शकत नव्हती. हुकूम तोच होता. लगामाची पकड तेवढी सुटली होती.

यांतले स्क्लेरोस्टिन हे नाव ज्या आजारावरून आले तो आहे स्क्लेरोस्टिओसिस. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर समाजात, म्हणजे डच वसाहतकऱ्यांच्या वंशजांत, तो विशेष आढळतो. मुलाची काही बोटे जन्मतः जुळलेली असू शकतात, उंची भरमसाट वाढते, जबडा आणि कपाळ पुढे येते. कवटी जाड होत जाते तसतशा तिच्यातून जाणाऱ्या नसा चिरडल्या जातात, चेहरा लुळा पडतो, ऐकू येईनासे होते आणि शेवटी मेंदूवरचा दाब जिवावर बेततो. नेदरलँड्समध्ये व्हॅन बुखम यांनी १९५५मध्ये वर्णन केलेला एक सौम्य आजार याच्याच जवळचा. त्याचे रुग्ण मुख्यतः उर्क या एकेकाळच्या बेटावरचे. २००१ साली दोन गटांनी, एक अमेरिकेतला आणि एक बेल्जियममधल्या अँटवर्पचा, स्क्लेरोस्टिओसिसचे जनुक शोधले. रुग्णांत ते मोडलेले होते. उर्कच्या लोकांत जनुक शाबूत, पण त्याच्यापुढचा सुमारे ५२ हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळलेला, त्यामुळे हाडात ते जनुक चालूच होत नव्हते. औषधाच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षण मात्र रुग्णांचे नव्हते, त्यांच्या आईवडिलांचे होते. एकच प्रत बिघडलेल्या या माणसांची हाडे घट्ट होती आणि तब्येतीची काही तक्रार नव्हती. लगाम पूर्ण तुटला तर आजार, थोडा सैल पडला तर दणकट हाडे: निसर्गाने मात्रेचा प्रयोग आधीच करून ठेवला होता.

स्क्लेरोस्टिन सापडल्यावर पहिली काही वर्षे ते बीएमपीलाच अडवते असा समज होता, कारण त्याची घडण नॉगिनसारख्या प्रथिनांशी मिळतीजुळती दिसते. २००५मध्ये तो समज मागे पडला आणि ते एलआरपी-५ व ६ला धरते हे स्पष्ट झाले. त्याच्या साखळीतल्या एका लहानशा वळणावर अ‍ॅस्पराजिन आणि त्याच्या एका जागेपलीकडे आयसोल्युसिन अशी रचना आहे, तीच एलआरपीच्या बाहेरच्या पाकळ्यांत जाऊन बसते. एलआरपी-४ त्याला हाडाजवळ धरून ठेवते, इतके की एलआरपी-४ बिघडले तरी स्क्लेरोस्टिओसिससारखेच चित्र उभे राहते. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती या प्रथिनाची जन्मजागा. ते ऑस्टिओब्लास्ट बनवत नाहीत. ते बनवतात ऑस्टिओसाइट, म्हणजे हाड बांधता बांधता त्याच हाडात गाडल्या गेलेल्या पेशी. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात त्यांची संख्या सुमारे ४,२०० कोटी असावी असा अंदाज आहे. बारीक कालव्यांतून तंतू पसरून त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. पुष्कळ काळ त्यांना निवृत्त पेशी समजले जाई. हाडाचा सगळा कारभार याच निवृत्तांच्या हाती आहे हे ध्यानात यायला एकविसावे शतक लागले.

भार पडेल तसे हाड घडते हे बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२मध्येच पुस्तकरूपाने मांडले होते. टेनिसपटूंचा खेळायचा हात दुसऱ्यापेक्षा जाड हाडाचा असतो, अंतराळात महिनोन्महिने राहून आलेल्यांची कटीची हाडे विरळ होतात, हेही माहीत होते. भार पेशीला कळतो कसा, हा प्रश्न तेवढा अनुत्तरित होता. २००८मध्ये अलेक्झांडर रॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पुढच्या पायाच्या हाडावर मोजून भार दिला. ज्या भागावर ताण जास्त पडला नेमक्या त्याच भागात ऑस्टिओसाइटनी स्क्लेरोस्टिन कमी केले आणि तिथेच नवे हाड चढले. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा आक्षेप इथे रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही प्रयोगाने मिळाले. ज्या उंदरांत स्क्लेरोस्टिन मुळातच नव्हते त्यांना निष्क्रिय ठेवले तरी हाड घटले नाही. ज्यांच्यात ते कमी होऊच शकणार नाही अशी तजवीज केली त्यांना भार देऊनही हाड चढले नाही. शरीर इथे वाढीचा नवा हुकूम पाठवत बसत नाही, जागेवरचा अडसर तेवढा दूर करते. डॉक्टर कॅल्शियमच्या गोळीसोबत चालायला आणि थोडे वजन उचलायला सांगतात त्यामागे ही यंत्रणा आहे. गोळी विटा पुरवते. भिंत कुठे उभारायची हे गोळीला ठाऊक नसते.

मधल्या काळात या चित्राला एक मोठे आव्हान मिळाले. न्यूयॉर्कमध्ये जेरार्ड कारसेंटी यांच्या प्रयोगशाळेतून विजय यादव आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये मांडले की एलआरपी-५ हाडात नव्हे, आतड्यात काम करते. तिथे ते सेरोटोनिन किती बनायचे ते ठरवते आणि रक्तातून आलेले सेरोटोनिन हाडाला आवरते. हे खरे असते तर हाडातल्या प्रथिनांच्या पकडीवर बेतलेली सगळी मांडणी लंगडी पडली असती. २०११मध्ये दुसऱ्या गटाने तोच बदल उंदरांत फक्त ऑस्टिओसाइटमध्ये घातला तेव्हा हाडे घट्ट झाली. फक्त आतड्यात घातला तेव्हा काही झाले नाही. वाद तेवढ्याने संपला असे त्यात गुंतलेले सगळे म्हणणार नाहीत. मला विचाराल तर दुसऱ्या बाजूचा पुरावा जड आहे, आणि स्क्लेरोस्टिन अडवणाऱ्या औषधाचा माणसांवरचा परिणाम त्याच्याच पारड्यात पडतो.

आणखी दोन आक्षेप सरळ आहेत. एक असा की हुकूमच नसेल तर लगाम काय कामाचा? १९९७मध्ये रनएक्स-२ नसलेले उंदीर तयार झाले तेव्हा त्यांच्या सांगाड्यात कूर्चा होती, हाडाचा पत्ता नव्हता. बरगड्यांना कणखरपणा नसल्याने ती पिले जन्मताच श्वास न घेता आल्याने मेली. माणसांत याच जनुकाची एक प्रत गेली तर गळ्याखालची हाडे अपुरी राहतात किंवा नसतातच. हे अगदी मान्य. रनएक्स-२शिवाय हाड नाही. पण एखादी गोष्ट आवश्यक असणे आणि ती कमीजास्त करून कारभार चालवला जाणे, या वेगळ्या बाबी आहेत. दुसरा आक्षेप टेरिपॅराटाइडचा. पॅराथायरॉइड संप्रेरकाचा हा तुकडा रोज टोचला तर हाड वाढते, आणि अमेरिकेत २००२पासून तो वापरात आहे. म्हणजे हुकूम देणारे औषधही चालते की! चालते, पण ते काय करते हे पाहिले तर ऑस्टिओसाइटमधले स्क्लेरोस्टिन कमी करणे हा त्याच्या कामाचा एक भाग निघतो. स्क्लेरोस्टिन नसलेल्या उंदरांत त्याचा परिणाम बोथट होतो. पूर्ण नाहीसा होत नाही, हेही सांगायला हवे. त्याचे काही काम दुसऱ्या मार्गाने होते.

स्क्लेरोस्टिनला धरून बसणारी प्रतिपिंड म्हणजे रोमोसोझुमॅब. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या ७,१८० स्त्रिया होत्या. वर्षभरात मणक्याचे नवे अस्थिभंग औषध घेणाऱ्यांत ०.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के झाले. पुढच्या वर्षीच्या चाचणीत ४,०९३ स्त्रियांवर त्याची तुलना अ‍ॅलेन्ड्रोनेट या नेहमीच्या औषधाशी केली गेली. आधी एक वर्ष रोमोसोझुमॅब आणि मग अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत दोन वर्षांत मणक्याचे अस्थिभंग ४८ टक्क्यांनी कमी होते. मात्र याच चाचणीत पहिल्या वर्षी हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २.५ टक्के विरुद्ध १.९ टक्के अशा निघाल्या. पहिल्या चाचणीत असा फरक दिसला नव्हता. अ‍ॅलेन्ड्रोनेटच हृदयाला थोडे जपत असेल काय, की स्क्लेरोस्टिनचे रक्तवाहिन्यांत काही काम असते, यावर अनुवंशशास्त्राचे अभ्यास दोन्ही दिशांना गेले आहेत. २०१९मध्ये अमेरिकेने परवानगी दिली ती ठळक इशाऱ्यासह: वर्षभरात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्याला हे देऊ नये. ही काळजी मला योग्यच वाटते. एका जागचा लगाम सैल करताना तो दुसरीकडेही बांधलेला असू शकतो.

औषध महिन्याला एकदा, बाराच वेळा देतात. कारण हाड बांधणीचा जोर पहिल्या महिन्यात एकदम चढतो आणि वर्षाच्या आत ओसरतो. टीकाकार याकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, लगाम काढूनही शरीर थांबलेच. थांबले, पण कशाने? स्क्लेरोस्टिन अडवले की हाडात डिकेके-१ वाढते, म्हणजे दुसरा लगाम पहिल्याची जागा घेतो. २०१६मध्ये प्राण्यांवर दोघांना एकाच वेळी पकडणारी प्रतिपिंड वापरली तेव्हा एकेकट्याला पकडण्यापेक्षा हाड जास्त चढले. मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात हाडाला जी भोके पडतात तिथेही डिकेके-१ वाढलेले असते आणि भोवतालचे हाड भरून येत नाही. यातून माझ्या मूळ म्हणण्याला पुष्टीच मिळते.

मला नमते घ्यायला लावणारा पुरावा फायब्रोडिस्प्लेजिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा या दुर्मीळ आजारातून येतो. त्यात पायाचे अंगठे जन्मतः वाकडे असतात आणि पुढे स्नायू, स्नायुबंध टप्प्याटप्प्याने हाड होत जातात. हॅरी ईस्टलॅक या रुग्णाने अभ्यासासाठी दिलेला आपला सांगाडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. २००६मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आयलीन शोर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने कारण शोधले: एसीव्हीआर-१ या बीएमपी रिसेप्टरात २०६व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. या बदलाने त्या रिसेप्टरला शांत ठेवणाऱ्या एफकेबीपी-१२ प्रथिनाची पकड ढिली पडते, इथवर सगळे माझ्या बाजूचे. पण २०१५मध्ये कळले की अ‍ॅक्टिव्हिन-ए हे प्रथिन निरोगी रिसेप्टरवर बसून त्याला गप्प ठेवते आणि बदललेल्या रिसेप्टरवर बसून तेच त्याला चालू करते. एकच प्रथिन, एका जोडीदारापुढे लगाम आणि दुसऱ्यापुढे हुकूम. तेव्हा प्रथिनांचे दोन गट पाडण्याची माझी सोय इथे तोकडी पडते. अडवणे हा कोणा एका प्रथिनाचा गुण नाही. तो दोघांच्या भेटीत ठरतो, आणि एका अमिनो आम्लाने ती भेट उलटू शकते. औषध शोधणाऱ्याने म्हणूनच प्रथिनांची यादी करून भागणार नाही, प्रत्येक जोडीची पकड स्वतंत्रपणे तपासावी लागेल.

ज्या घराण्यांनी हा धडा दिला त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांच्या एका बिघडलेल्या जनुकावरून तयार झालेले इंजेक्शन आज ठिसूळ हाडांच्या रुग्णांना मिळते. स्क्लेरोस्टिओसिस झालेल्यांसाठी मात्र अजून कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही; मेंदूवरचा दाब उतरवायला कवटीचा भाग कापून काढणे आणि चिरडलेल्या नसा मोकळ्या करणे, हाच त्यांच्यावरचा उपचार आहे.